नाव आणि टिचकी

संमोहन शिकायला गेले तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते, वाशीतल्या एका ऑफिसात टायपिस्ट होते आणि घरी दीड वर्षाचा मुलगा होता. यातल्या कशाचाच संमोहनाशी संबंध नव्हता. संबंध होता तो आवाजाचा. सकाळी पाणी आलं नाही की तिसऱ्या मजल्यावरून पंपवाल्याला हाक मारायचं काम आमच्या इमारतीने माझ्याकडे दिलं होतं. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या सरांनी ती हाक रोज ऐकली आणि एक दिवस जिन्यात गाठून विचारलं, "स्टेजवर उभी राहशील का?"

सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. वीस-पंचवीस वर्षं ते संमोहनाचे प्रयोग करत होते. गणपतीच्या मांडवात, तुर्भ्याच्या कारखान्यांच्या स्नेहसंमेलनांत, शाळांच्या गॅदरिंगला. लोकांना स्टेजवर बोलवायचं, झोपवायचं, कांदा सफरचंद म्हणून खायला लावायचा, आणि पुन्हा खडखडीत जागं करून खाली पाठवायचं. प्रयोग बघितलेले लोक आठवडाभर त्याच गप्पा मारायचे.

"माझी अडचण एकच आहे," सर म्हणाले. "बायका वर येत नाहीत. आल्या तरी मी खांद्याला हात लावला की खालून नवरा उभा राहतो. महिला मंडळं तर मला दारातूनच परत पाठवतात. तू शिकलीस तर बायकांचे प्रयोग तू करायचेस."

"किती दिवस लागतील?"

"तुझा आवाज खाली आणायलाच तीन महिने."

घरी सांगितलं तेव्हा नवरा रात्रपाळीहून येऊन चहा पीत होता. "लोकांना झोपवायला चाललीस," तो म्हणाला, "आधी आपल्या पोराला झोपव. पास झालीस तर जा." मुलगा त्या दिवशी दुपारी दीड तास झोपला. ते मी माझ्या बाजूने धरलं.

शिकणं कंटाळवाणं होतं. पहिले काही आठवडे मी सरांसमोर बसून वर्तमानपत्रातल्या बाजारभावांच्या बातम्या वाचल्या, एकाच पट्टीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज थोडा खाली सोडत. मग समोरच्याचा श्वास बघायला शिकले. माणूस श्वास सोडतो तेव्हा सूचना द्यायची, घेतो तेव्हा गप्प बसायचं. हाताची बोटं एकमेकांत अडकवून 'आता सुटणार नाहीत' म्हणायचं आणि खरोखर कोणाची सुटत नाहीत ते हेरायचं. स्टेजवर फक्त तीच माणसं ठेवायची. मैत्रिणींनी ढकलून पाठवलेली नको, फिट येणारी नको, पोटुशी नको.

आमच्याच इमारतीतल्या एका बाईची बोटं पहिल्यांदा अडकली तेव्हा तिच्यापेक्षा मी जास्त घाबरले. "सुटत नाहीयेत गं," ती हसत म्हणाली, आणि माझा आवाज चढला. सरांनी मला त्याबद्दल बरंच सुनावलं. "घाबर, पण आवाजात नको. आवाज चढला की संपलं. आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत स्टेज सोडायचं नाही. आग लागली तरी नाही."

सरांची स्वतःची एक खासियत होती. इतर प्रयोगवाले एक ते पाच आकडे मोजून सगळ्यांना एकदम उठवायचे. सर एकेकाला त्याच्या नावाने उठवत. झोपवतानाच सांगून ठेवत, 'मी तुझं नाव घेईन आणि टिचकी वाजवीन, तेव्हाच तू जागा होशील, बाकी कशाने नाही.' मग शेवटी चिठ्ठीवरचं नाव पुकारायचं, टिचकी वाजवायची, माणूस दचकून डोळे उघडायचा आणि टाळ्या पडायच्या. प्रत्येकाला वेगळ्या टाळ्या. मीही तेच शिकले. त्यात काही चुकू शकतं असं सरांना वाटलं नाही, मलाही नाही. पण त्याच पद्धतीपायी एका बाईचा संसार मोडायची वेळ आली.

माझा पहिला पूर्ण प्रयोग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला होता, वाशीतल्याच एका महिला मंडळात. शाळेचा हॉल, दुपारचे चार. पुरुषांना मज्जाव, त्यामुळे सर बाहेर व्हरांड्यात पहिलीच्या मुलांच्या बाकावर गुडघे वर करून बसले. दार बंद झालं. आत शंभरेक बायका, गुलाबपाण्याचा वास, कोपऱ्यात वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची चळत. अध्यक्षीणबाईंनी वहीतून नावं उतरवून चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाल्या, "साडेपाचला संपवा हं. मग कुंकू लावायचंय."

पाचजणी निवडल्या. चारजणी ठीक होत्या. पाचवी मात्र अशी होती की सरांनी बघितली असती तर खूश झाले असते. चोवीस-पंचवीस वर्षांची, बारीक, हिरव्या साडीतली. स्वतःहून वर आली, हसली नाही, आणि तिसऱ्या वाक्यालाच तिची मान खाली गेली. कांदा तिने चवीने खाल्ला. हॉल डोक्यावर घेतला बायकांनी. चौघींना नाव घेऊन, टिचकी वाजवून जागं केलं, टाळ्या झाल्या, त्या खाली गेल्या. शेवटचा आयटम मी हिच्यावर करणार होते. सरांचा सगळ्यात गाजलेला आयटम: माणसाला लहान करायचं.

"तू आता सात वर्षांची आहेस. शाळेत बसली आहेस. पुढ्यात पाटी आहे."

ती खुर्चीवरून उतरून खाली मांडी घालून बसली. नसलेल्या पाटीवर थुंकी लावली आणि पदराने पुसली. बायका हसून हसून एकमेकींवर पडत होत्या. मी पाढे विचारले, तिने बेचा पाढा सूर लावून म्हटला. "पाटी कोणी आणली?" "आबांनी. फुटली तर मारतील." पुन्हा हशा. सव्वापाच झाले होते. मी चिठ्ठी बघितली, तिचं नाव घेतलं आणि टिचकी वाजवली.

ती पाटी पुसत राहिली.

पुन्हा नाव, पुन्हा टिचकी. तिने वरही बघितलं नाही. तिसऱ्यांदा मी तिच्या कानाजवळ वाकून टिचकी वाजवली. तिने माशी हाकलावी तसा हात हलवला. मागच्या रांगा अजून हसत होत्या, त्यांना हा प्रयोगाचाच भाग वाटत होता. पुढच्या रांगा आधी गप्प झाल्या.

मी दुसरा मार्ग धरला. "आता तू मोठी होते आहेस. दहा वर्षांची. पंधरा वर्षांची. वीस."

"नाही," ती म्हणाली. "दुसरीत आहे मी."

चौथ्यांदा नाव घेतलं तेव्हा माझा आवाज पंपवाल्याला हाक मारल्यासारखा निघाला. तो मलाच ऐकू आला. आता मागचं हसणंही थांबलं. अध्यक्षीणबाई स्टेजच्या कडेला येऊन दबक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, झालं ना? का डॉक्टरांना बोलवू?"

"दोन मिनिटं."

"दोन म्हणता म्हणता साडेपाच होतील."

पहिल्या रांगेतून एक पन्नाशीच्या बाई उठल्या. मोठं कुंकू, डोक्यावरून पदर, हातात रुमाल. मंडळातल्या जुन्या सभासद, सगळ्याजणी त्यांना नावापुढे 'काकू' लावून हाक मारत होत्या. त्या हिच्या सासूबाई आहेत हे मला तेव्हा कळलं, त्या पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा.

"काय गं ए, ऊठ की. किती नाटकं करायची? चल घरी." आणि त्यांनी तिचं मनगट धरलं.

तिने आधी त्या हाताकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे. मग अंग चोरून मागे सरकली. "मला आईकडे जायचंय."

"आगं, मग मी कोण हाय?"

"माहीत नाही." आणि माझ्याकडे वळून, रडवेल्या आवाजात: "ह्या बाईला जायला सांगा ना. मला नाही जायचं हिच्या घरी."

माईक माझ्या हातात होता आणि चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येकीने ते ऐकलं. सासूबाईंनी मनगट सोडून दिलं.

मी खाली तिच्यासमोर बसले. श्वास मोजला. तिचा नाही, माझा. सर हे गेली पंचवीस वर्षं करत आले, मग माझ्याच हातून का? सरांपेक्षा मी काय वेगळं केलं? सगळं तसंच केलं होतं. फक्त सरांच्या स्टेजवर पुरुष असत. पुरुष सात वर्षांचा असतानाही त्याच नावाचा असतो आणि सत्तर वर्षांचा असतानाही.

चिठ्ठीवर होतं ते हिचं सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं. ही सात वर्षांची होती तेव्हा ते नाव कुठे होतं? तिने ते कधी ऐकलेलंच नव्हतं. तिला ते नाव घेऊन उठवणं म्हणजे शेजारणीला हाक मारून हिने ओ देण्याची वाट बघणं. आणि हे मला सुचू नये? माझं स्वतःचं नाव बदललं होतं. ऑफिसच्या मस्टरवर माहेरचं, घरी सासरचं. नवरा एकदा ऑफिसात भेटायला आला तर शिपायाने 'अशी कोणी बाई इथे नाही' म्हणून त्याला परत पाठवलं होतं.

"नाव काय गं तुझं?" मी विचारलं.

तिने लगेच सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, इयत्ता दुसरी, तुकडी अ, एका दमात, शाळेत शिकवतात तसं. दुसऱ्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, हे तर—" आणि बाजूचीने तिला चापटी मारून गप्प केलं.

माझ्या मागे सासूबाई उभ्या होत्या. "त्या नावानं उठवायचं न्हाय," त्या म्हणाल्या. चिडून नाही, नियम सांगावा तशा. "ते माझं नाव हाय. म्हणून तर लग्नात बदललं. आमच्यात सुनेला त्या नावानं कुणी हाक मारत न्हाई."

"काकू, एकदाच. दुसऱ्या नावाने ती उठणार नाही."

"चारचौघींत माझं नाव घेऊन तिला उठवणार तू?"

मी माईक बंद केला. तेवढंच मला करता येत होतं. तिच्या खांद्यावर हात ठेवला, ती श्वास सोडेपर्यंत थांबले, आणि ते नाव घेतलं, वाक्याच्या शेवटी सोडतात तसा आवाज खाली सोडून. मग टिचकी.

तिचे डोळे निवळले. माझ्या मागून, सवयीने, सासूबाईंच्या तोंडून "ओ" निघून गेलं. हॉलमध्ये कोणीही हसलं नाही.

तिने आपण जमिनीवर बसलोय हे बघितलं, झटकन पदर सावरला, उठून उभी राहिली. "झालं का?" मला विचारलं. मग सासूकडे बघून, "काय झालं, आई?"

सासूबाई पायऱ्या उतरल्या आणि हळदीकुंकू न घेता, वाण न घेता दाराकडे निघाल्या. संक्रांतीला आलेली सवाष्ण कुंकू न लावता निघून जाते म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. सून चपला शोधत मागे धावली.

बाहेर व्हरांड्यात मी सरांना सगळं सांगितलं. ते बाकाच्या लाकडावर नख ओढत राहिले.

"पंचवीस वर्षांत असं झालं नाही."

"पंचवीस वर्षं पुरुषच होते, सर."

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि चिठ्ठीसाठी नवीन ओळ लिहिली: माहेरचं नाव. माझी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. ती सांगू नये असं वाटत होतं, तरी सांगितली. "तिचे डोळे टिचकीच्या आधी निवळले. नाव घेतलं तेव्हाच. टिचकी नंतर वाजली."

"किती आधी?"

"एक श्वास."

सरांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "स्टेजवर आलेला प्रत्येक माणूस थोडा झोपलेला असतो आणि थोडा जागा. किती झोपलेला, ते आपण विचारत नाही. हे दुसऱ्या कोणाला बोलू नकोस."

आठ दिवसांनी अध्यक्षीणबाईंचा निरोप आला: काकूंनी घरी बोलावलंय, एकटीने जा.

त्यांचं घर शेजारच्या सेक्टरात, बैठं. सासूबाईंनी मला कॉटवर बसवलं. सुनेने चहा आणून ठेवला, माझ्याकडे न बघता, आणि स्वयंपाकघरात गेली. दाराला पडदा होता. पडद्याखाली तिची पावलं मला दिसत होती. ती तिथेच उभी होती.

"आठ दिस मी तिच्याशी बोलली न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "ती इचारते, आई, माझं काय चुकलं. मला काय आठवत न्हाई म्हणते. मंडळातल्या बायका मात्र मला रस्त्यात थांबवून इचारतात, सून तुम्हाला वळखत न्हाय का म्हणून. पोराला सांगितलंय, रविवारी तिला माहेरी पोचीव." त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. "तू शिकलेली हायस यातली. एकच सांग. खरं होतं का नाटक?"

पडद्याखालची पावलं हलली नाहीत.

मला त्या एका श्वासाची आठवण झाली. टिचकीआधीच निवळलेल्या डोळ्यांची. आणि ती म्हणाली होती त्या शब्दांची, मला नाही जायचं हिच्या घरी. सातव्या वर्षी कोण कसं बोलतं हे मला कुठे ठाऊक होतं? कदाचित चोवीस वर्षांची बाईच बोलत असेल, एकदाच, जिथे पकडता येणार नाही तिथे. मला माहीत नव्हतं. आजही नाही. पण काकूंनी 'तुला काय वाटतं' असं विचारलं नव्हतं. त्यांना 'हो' किंवा 'नाही' हवं होतं, रविवारच्या आत.

"खरं होतं, काकू."

"शपथ घेशील?"

"शपथ कशाला? ती सात वर्षांची झाली होती. सात वर्षांच्या पोरीला सासू कुठली? तिथे तिचा नवरा उभा असता तर त्यालाही ओळखलं नसतं."

हे त्यांच्या डोक्यात आलं होतं असं वाटलं नाही. "मग चूक कुणाची?"

"माझी. लहान करायच्या आधी माहेरचं नाव विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

"हे मला एकटीला सांगून काय उपयोग? शंभर बायकांनी ऐकलंय. त्यांच्यासमोर सांगशील?"

तसं सांगितलं म्हणजे काय होणार ते मी चहाचा घोट घ्यायच्या आत मोजून घेतलं. जी बाई पहिल्याच प्रयोगात माणसाला अडकवते आणि वर स्वतःच तसं कबूल करते, तिला दुसरं मंडळ बोलावत नाही. वाशीतल्या बायका एकमेकींना भाजीच्या गाडीवर भेटतात. आठ महिने मी शिकण्यात घातले होते. सरांचीही पंचवीस वर्षं त्यात जाणार होती, आणि त्यांना न विचारता मी हो म्हणणार होते.

"सांगते," मी म्हटलं.

मंडळाची सभा शनिवारी होती. तीस-चाळीस बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सासूबाई पुढे, सून त्यांच्या मागे, गुडघ्यांना मिठी मारून. मी उभं राहून सांगितलं की त्या दिवशी चूक माझी होती. मी तिला तेव्हा नसलेल्या नावाने हाका मारल्या, म्हणून ती उठली नाही. ती जे बोलली ते लहान मुलीचं बोलणं होतं, त्याचा तिच्या घराशी काही संबंध नाही, आणि तिला त्यातलं काही आठवत नाही. हे शेवटचं वाक्य मी जास्त सावकाश बोलले, सरांनी शिकवलं होतं तसं. बायका ऐकत होत्या. नीट ऐकत होत्या. प्रयोगाच्या दिवशीही इतकं शांत कोणी बसलं नव्हतं.

"बरं झालं बोललात," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. मग जरा घुटमळून, "होळीच्या वेळेस आपण तुमचं ठेवलं होतं ना, ते आता राहू दे. काहीतरी गाण्याबिण्याचं ठेवू."

"चालेल," मी म्हटलं. चालण्यासारखं काही नव्हतं, पण दुसरं काय म्हणणार? पुढची दोन वर्षं वाशीत आम्हाला कोणी बोलावलं नाही. सर माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. नंतर बोलले, ते पनवेलच्या एका मंडळाची तारीख घेऊनच.

सभा संपल्यावर कुंकवाची कोयरी फिरली. सासूबाईंच्या पुढ्यात आली तेव्हा त्यांनी कपाळ पुढे केलं. पिशवी उचलली, उठल्या, चपला घातल्या. मग मागे न बघता सुनेला सासरच्या नावाने हाक मारली आणि म्हणाल्या, "चल. मेथी घ्यायचीय, गाडी निघून जाईल."

संक्रांतीनंतर त्या तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. सून उठली. जाताना माझ्यासमोरून गेली, पण तिने मान वर केली नाही, आणि मीही तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळलं.